लाभ, दोन, तीन : एका फसलेल्या एकांकिकेचं प्रकरण

पहिल्या प्रयोगाला बाविसाव्या मिनिटाला लोक हसले. त्या मिनिटाला रंगमंचावर एक चोर दुसऱ्या चोराच्या गळ्याला विळा लावून उभा होता.

हसणारी टवाळ पोरं असती तर मी मनावर घेतलं नसतं. पुढच्या तीन रांगांत वयस्क माणसं बसली होती, त्यातली निम्मी जन्मभर अडतीवर आणि गोदामात राबलेली. एक जण तर हसता हसता शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारत होता. मी विंगेत उभा. पडदा पाडावा की काय असं वाटून गेलं, पण त्या मंगल कार्यालयात पडदाच नव्हता, म्हणून प्रयोग पूर्ण झाला.

ही डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. फेब्रुवारीत तीच एकांकिका, तीच दोन पोरं, लातूरला उभी राहिली तेव्हा त्याच जागी कुणी खोकलं सुद्धा नाही. मधल्या दोन महिन्यांत काय झालं ते लिहून ठेवतो आहे. आमच्याकडं एकांकिका बसवणारी मंडळी पुष्कळ आहेत, फसलेल्या प्रयोगाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ग्रुपचं आणि पोरांचं नाव घेत नाही. दोघांतला एक आता बँकेत लागलाय आणि त्याच्या घरच्यांना त्याचं चोर होणं अजून पचलेलं नाही.

संहिता

दोन माणसं, एक रात्र, लातूर–औसा रस्त्यावरचं एक पत्र्याचं गोदाम. राखणदार पंचावन्नचा, त्याला सगळे मामा म्हणतात. दुसरा पंचविशीतला, छोटा हत्ती (लहान टेम्पो) चालवणारा. संहितेत त्याला नाव नाही, मामा त्याला ‘लेका’ म्हणतो. दोघं गेली दोन वर्षं हंगाम सरता सरता एकेक खेप चोरतात. ही तिसरी.

गोदामातलं सोयाबीन तारणातलं आहे. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. शेतकरी माल बाजार समितीच्या ताब्यातल्या गोदामात ठेवतो, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घेतो, भाव चढला की सोडवतो. भाव चढेल ही आशा फुकटची नाही. २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या वर गेलेलं लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्याही खाली रखडलेला. म्हणजे त्या गोदामातलं प्रत्येक पोतं कुणाच्या तरी थांबून राहण्याचं आहे.

चोरीची युक्ती लेखकाचीच. त्याचे वडील अडतीवर मुनीम होते. गोदामात ४८० पोती, प्रत्येकी ६० किलोची. मामा महिनाभर रात्री बसून प्रत्येक पोत्यातून दीड किलो काढतो आणि तोंड पुन्हा शिवतो. ४८० गुणिले दीड, ७२० किलो. म्हणजे बारा पोती, छोट्या हत्तीचं पोट भरेल इतकी. पोत्यांची मोजदाद केली तर एकही कमी भरत नाही. वजनात फरक दिसला तर म्हणायचं, माल वाळला.

चोरीचा माल पडत्या भावानं विकायचा. ४,००० नं धरला तरी २८,८०० होतात, वाटणीला १४,४००. मामाचा पगार महिना ९,०००. हे आकडे आम्ही मुद्दाम छोटे ठेवले. कोट्यवधींच्या दरोड्यात माणसं एकमेकांवर संशय घेतात ते सगळ्यांनी पाहिलंय. चौदा हजारांसाठी घेतात ते घरोघरी चालतं.

इथवर संहिता चांगली होती. बिघडली होती ती पुढं. मामा आणि लेका एकमेकांना ‘माझा तुझ्यावर इस्वास न्हाई’ असं वेगवेगळ्या शब्दांत चौदा वेळा सांगत होते (मी नंतर मोजलं), मग विळा, मग सायरन, आणि शेवटी पोलीस ठाण्यात साहेब लेकाला म्हणतो, ‘तुझ्या मामानं सगळं कबूल केलंय, आता तूही सही कर.’

पोतं

प्रयोग संपल्यावर हसणाऱ्यांतला एक म्हातारा हमाल चहाला थांबला. त्याला विचारलं, काका, कशाला हसलात? तो म्हणाला, ‘पोरगं पोतं असं उचललालं जसं काय उशी हाय.’

बस्स, एवढंच. पोत्यांत आम्ही सोयाबीनचं भुसकट भरलं होतं, एकेक फार तर आठ किलोचं. बाविसाव्या मिनिटाला मामा एका हातात पोतं आणि दुसऱ्या हातात विळा घेऊन उभा राहिला होता. साठ किलोचं पोतं बगलेत धरून खून करू बघणारा माणूस मार्केट यार्डाच्या गावात गंभीरपणे कोण बघेल? मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी स्वतः याच भागातला, आणि मला ते दिसलं नव्हतं. तालमीत आम्ही सगळे संवादाकडं कान लावून बसायचो.

हमालकाकांना आम्ही चार संध्याकाळी तालमीला बोलावलं. त्यांनी पहिल्या दिवशी काहीच शिकवलं नाही, फक्त खरं भरलेलं पोतं आणायला लावलं आणि पोरांना म्हणाले, उचला. उचललं नाही. मग त्यांनी दाखवलं. जमिनीवरचं पोतं एकट्यानं पाठीवर येत नसतं. एक जण वाकून, हात गुडघ्यावर रोवून, पाठ देतो. दुसरा पोत्याचे कान धरून ते झोक्यानं वर चढवतो. याला ते ‘हात देणं’ म्हणतात. पोतं पाठीवर बसलं की मान खाली जाते, नजर स्वतःच्या पायांपुढं दोन हातांवर राहते, आणि त्या क्षणापासून मागं काय चाललंय ते ओझ्याखालच्या माणसाला दिसत नाही. ‘मागचा माणूस चांगला पायजे,’ काका सहज म्हणाले. ‘झोका वाकडा दिला तर कंबर जाती.’

मी आणि लेखक एकमेकांकडं बघत राहिलो. आमची अख्खी एकांकिका त्या एका कृतीत होती. बारा पोती, म्हणजे बारा वेळा एकानं दुसऱ्यापुढं पाठ करून वाकायचं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडून बारा वेळा हात घ्यायचा. विळा त्याच रात्री संहितेतून गेला. चौदातले तेरा संवादही गेले, चौदावा नंतर गेला.

पोत्यांत मग वाळू आणि भुसकट मिळून तीस किलो भरलं. साठ किलो आमच्या पोरांना झेपलं नसतं आणि इस्पितळाचा खर्च ग्रुपला झेपला नसता. पण तीस किलोलाही मान वाकते. तालमी खरं तर सुगी झाल्यावरच रंगात आल्या, कारण त्याआधी लेका करणारा पोरगा स्वतःच्या शेतात काढणीला होता. पोतं पाठीवर घ्यायला तो एका दिवसात शिकला. मामा करणाऱ्याला तीन आठवडे लागले, तो शहरातला.

वकिलाकडची संध्याकाळ

पोलीस ठाण्याच्या प्रवेशाबद्दल मला आधीपासून शंका होती. एका ओळखीच्या वकिलांना संहिता वाचून दाखवली. तालुका कोर्टात फौजदारी बघणारे, बोलायला मोकळे. त्यांनी पहिल्याच पानावर पेन ठेवलं. ‘कलम ३७९ कुठलं आणलं? जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे.’ मग त्यांनी जे सांगितलं त्यातून आम्हाला एकांकिकेचा सर्वांत चांगला संवाद मिळाला, म्हणून ते नीट मांडतो.

साधी चोरी असेल तर नव्या संहितेच्या कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. पण नोकरानं मालकाच्या ताब्यातल्या मालाची चोरी केली तर कलम ३०६, सात वर्षांपर्यंत. माल मामाच्या हवाली केलेला होता असं धरलं तर चोरीऐवजी अपहार म्हणतील, तिथंही नोकराला सातच. ‘चोरी की अपहार हे आम्ही भांडत बसू,’ वकील म्हणाले, ‘सात काही हटत नाहीत.’ लेका मात्र बाहेरचा. दोघांनी मिळून केलं म्हणून सामाईक इराद्याचं कलम त्यालाही ओढेल, आणि माल ठेवायच्या इमारतीतली चोरी म्हणून कलम ३०५ खाली त्यालाही सात लागू शकतात, तरी त्याचा वकील उभा राहून म्हणणारच, साहेब, हा नोकर नव्हे, याला तीनच्या कलमात बघा.

म्हणजे एकाच पोत्याला दोघांचे हात, आणि कोर्टाला ते पटलं तर एकाच्या पाठीवर सात, दुसऱ्याच्या तीन.

त्यांनी पुढं आणखी एक गाठ सोडवून दाखवली. माफीचा साक्षीदार हा प्रकार वाटेल त्या गुन्ह्यात मिळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ प्रमाणं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ३०६ होतं, आकड्यांचा हा घोळ वकिलांनाही छळतो) गुन्हा सत्र न्यायालयातच चालणारा असावा, नाहीतर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा असावा. निव्वळ तीन वर्षांच्या चोरीत माफीचा दरवाजा बंद. मामा नोकर आहे म्हणून त्याचा गुन्हा सातचाच ठरतो, आणि सातचा ठरतो म्हणून लेकाला मामाविरुद्ध साक्षीदार व्हायची वाट उघडली. मामाच्या नोकरीनंच मामाचा गळा धरला.

ती वाटही सरळ नाही. माफी मिळते ती सगळं खरं खरं आणि पूर्ण सांगण्याच्या अटीवर. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत साक्षीदारालाही आतच राहावं लागतं. आणि एकट्या साथीदाराच्या तोंडावर कोर्ट सहसा विसंबत नाही, दुसरा आधार मागतं. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये तर आधार मिळालेली साक्ष असा शब्दच आहे.

आमच्या ठाण्याच्या प्रवेशाचं काय, विचारलं. ते हसले. पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्यातही आहे. तपासातल्या जबाबावर सही घेत नाहीत. कबुली द्यायचीच तर मॅजिस्ट्रेटपुढं, आणि तोही आधी बजावून सांगतो की बाबा, बोलायलाच पाहिजे असं नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. पोलिसांना सांगितल्यामुळं एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरतं बोलणं पुराव्यात येतं. म्हणजे साहेबाचा तो ‘सही कर’ कायद्यानं फुसका बार होता.

‘पण लेकाला हे कुठं माहीत असणार?’ लेखकानं विचारलं.

‘नसणारच,’ वकील म्हणाले. ‘कायदा कोर्टात चालतो. तुमचं नाटक गोदामात आहे.’

ठाण्याचा प्रवेश काढला. सायरनही काढला. त्याऐवजी नवव्या पोत्यानंतर, मामाला हात देता देता, लेका सहज बोलल्यासारखं म्हणतो: ‘कोर्टातल्या कारकुनाला इचारलो मी. तुला सात हायत, मामा. मला तीन.’

मामाच्या पाठीवर त्या क्षणी पोतं आहे. त्याला वळता येत नाही.

शेवटची खेप

एवढं होऊनही तालमीत काहीतरी लटकं वाटत होतं. दोन वर्षं निमूटपणे चोरी करणारे दोघं आज रात्रीच का बिनसतात? आधी का नाही? संहितेत याचं उत्तर होतं ते बायकोच्या आजारपणाचं. आजारपण आमच्या एकांकिकांतलं औषध आहे, काहीही अडलं की देतात.

मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं, तेव्हाचा कैद्यांचा पेच आठवला. १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांनी एक डाव रचला. त्याच वर्षी अल्बर्ट टकर या गणितज्ञानं त्याला वेगवेगळ्या कोठडीतल्या दोन कैद्यांच्या गोष्टीचं रूप दिलं. दोघंही गप्प राहिले तर दोघांनाही थोडी शिक्षा, एकानं फोडलं तर तो सुटतो आणि दुसरा अडकतो, दोघांनी फोडलं तर दोघंही बुडतात. हिशेब सांगतो की समोरचा काहीही करो, फोडणंच फायद्याचं. पण फ्लड आणि ड्रेशर यांनी दोन ओळखीच्या माणसांना हा डाव सलग १०० वेळा खेळायला बसवलं, तेव्हा त्यातल्या ६० डावांत दोघांनीही एकमेकांना साथ दिली. उद्या परत याच माणसाशी गाठ आहे म्हटल्यावर माणूस आज सांभाळून वागतो. हे कळायला गणितज्ञ लागत नाही, उधारीवर किराणा देणाऱ्या कुणालाही विचारा.

मग उलटंही खरं. उद्या नाही असं कळलं की?

बायकोचं आजारपण काढून आम्ही एक साधी गोष्ट घातली. गोदाम एक एप्रिलपासून ठेकेदाराकडं जातंय. कॅमेरे बसणार, मामाची नोकरी ३१ मार्चला संपणार. ही शेवटची खेप. लेकाला हे मामा चौथ्या पोत्याला सांगतो, तेही ओघात, आणि लेका पोतं चढवता चढवता क्षणभर थांबतो. पोतं दोघांच्या मध्ये, अर्धं वर, अर्धं खाली. प्रेक्षकाला तिथं काही समजावून सांगावं लागलं नाही.

या एका वाक्यानं दोघांच्या जुन्या सवयी एकदम संशयास्पद झाल्या. दोन वर्षं रीत अशी की माल लेका नेतो, विकतो आणि दोन दिवसांनी मामाला पैसे आणून देतो. म्हणजे पैशासाठी मामानं लेकावर विसंबायचं आणि तोंड बंद ठेवण्यासाठी लेकानं मामावर. पुढच्या वर्षी परत माल पाहिजे म्हणून लेका पैसे आणून द्यायचा. आता पुढचं वर्षच नाही. मामा म्हणतो, ‘आवंदा पैसे आधी.’ लेका म्हणतो, ‘इकायच्या आधी कुटून आणू?’ दोघंही बरोबर आहेत, हे मला त्या प्रसंगात फार आवडतं.

लेखकाच्या वडिलांनी, त्या निवृत्त मुनिमांनी, युक्तीतलं भोकही इथंच दाखवलं. बारा टक्के ओलीचं साठ किलोचं पोतं वाळून दहा टक्क्यांवर आलं तर त्याचं वजन आपोआप सुमारे १.३ किलोनं उतरतं. मामा वाळल्याची सबब सांगून दीड किलो काढतो, पण खरोखरचं वाळणं थोडंच थांबतं? दोन्ही मिळून घट जवळजवळ तीन किलोंची दिसणार. आम्ही आधी खट्टू झालो, लेखक तर युक्तीच बदलायला निघाला. मग लक्षात आलं की हे भोक बुजवायचं नाही, लेकाच्या तोंडी द्यायचं.

‘दीड तू काढलास. तेवढंच उन्हानं काढलं. तीन किलो कुटं गेलं म्हणून इचारलं तर काय सांगशील?’

‘दोन वर्सं कुनी इचारलं न्हाई.’

‘दोन वर्सं तू हितं होतास.’

नव्या ठेकेदारानं ताबा घेताना काटा केला तर मामा गावी गेलेला असेल आणि लेका इथंच, त्याच रस्त्यावर, त्याच टेम्पोत. मामालाही याचवेळी कळतं की हा पोरगा इतका पुढचा विचार आधीच करून आलाय. कशासाठी केला असेल?

एक मोह आम्हालाही झाला, तो कबूल करतो. पोत्यांवर शेतकऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या असतात. शेवटच्या पोत्यावर लेकाच्या बापाचं नाव निघालं तर? तालमीत करून बघितलं. दोन मिनिटं सगळे भारावले, तिसऱ्या मिनिटाला मामा करणारा पोरगा म्हणाला, ‘सर, हे टीव्हीवर चालतंय.’ काढून टाकलं.

बारा आणि अकरा

आमच्या भागात धान्य मोजताना एक म्हणत नाहीत. पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, तीन. मामा करणाऱ्याला हे हमालकाकांनी सांगितलं आणि त्यानं ते चोरीच्या पहिल्या पोत्याला वापरलं. लेकाच्या पाठीवर पोतं चढवताना हळूच, सवयीनं: ‘लाभ.’ लातूरच्या प्रयोगात इथं एक बारीक हसू आलं आणि लगेच विझलं. ज्याचा माल चोरतोय त्याच्या घरचा शब्द वापरून मोजणारा माणूस लोकांना ओळखीचा वाटला असावा.

मोजणीबद्दल मी पोरांशी एक लबाडी केली. सातव्या पोत्याच्या वेळी रस्त्यावरून मोटारसायकल जाते, दोघं बॅटरी विझवतात, अंधारात अर्धा मिनिट जातो. (सगळा प्रकाश एका बॅटरीचाच होता.) त्या अंधारात एक पोतं हलतं की नाही, हे संहितेत धूसर ठेवलं होतं. मी मामाला बाजूला घेऊन सांगितलं, अंधारातलं पोतं टेम्पोत गेलं, तुझी मोजणी बारावर संपते. लेकाला वेगळं गाठून सांगितलं, अंधारात ते खाली ठेवलं, तू टेम्पोच्या फाळक्यावर खडूनं अकराच रेघा मारायच्या. एकमेकांना सांगायचं नाही असं दोघांनाही बजावलं.

पहिल्या तालमीला भांडण लागलं ते खरंच लागलं. ‘बारा.’ ‘अकरा.’ ‘मोजलालो की मी.’ ‘म्याबी मोजलालो.’ मामा खडूच्या रेघा बोटानं मोजायला जातो, लेका फाळक्यावर हात ठेवतो. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा संवाद विसरलाय, आणि ते वाटणं लपवायची धडपड त्यांच्या चेहऱ्यावर होती. तालीम थांबवून दोघं माझ्याकडं आले. मी म्हणालो, दोघांचंही बरोबर आहे, असंच करा. लेका करणारा पोरगा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं मी चूक म्हणत नाही. नटाला अंधारात ठेवून काम काढून घेणं ही दिग्दर्शकांची जुनी वाईट खोड आहे, आणि यातून जे मिळालं ते सरळ मार्गानं मिळालं नसतं असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

शेवट आपोआप ठरला. शटरची किल्ली मामाकडं, टेम्पोची लेकाकडं. माल भरलेला. लेका गेला तर मामाला पैसे मिळतील याची खात्री नाही. मामा मागं राहिला तर सकाळी कुणाजवळ काय बोलेल याची लेकाला खात्री नाही. दोघं मिळून जावं तर राखणदार जागेवर नाही म्हणून बोंब. परत उतरवून ठेवावं तर बारा उतरवायची की अकरा? मामा शटर आतून ओढतो आणि किल्ली दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवतो. लेका त्याच्या शेजारी टेम्पोची किल्ली ठेवतो. दोघं भिंतीला टेकून बसतात. कुणीच उचलत नाही. बाहेर पहिली एस.टी. जाते. मग हमालांच्या सायकली, कुणाचं तरी खाकरणं, पत्र्यावर थाप: ‘मामा, उघडा.’ बॅटरी विझते.

लातूर

फेब्रुवारीच्या स्पर्धेत आम्हाला प्रकाशयोजनेचं उत्तेजनार्थ मिळालं. एका बॅटरीला. परीक्षकांपैकी एकानं नंतर विचारलं की गुन्हेगारांना शिक्षा झाल्याचं दाखवायला नको होतं का? मी काहीतरी गुळमुळीत बोललो. लेखक म्हणाला, सात आणि तीन सांगितलंय की. परीक्षकांना ते पटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मला कदाचित मधला वीस मिनिटांचा भाग लांब वाटला असता. तिथं नुसतीच पोती वाहिली जातात आणि दोघं हात देण्यापुरतंच बोलतात. तो भाग मी अजूनही कापलेला नाही.

हमालकाका त्या प्रयोगाला स्वतःच्या खर्चानं आले होते, गावातले आणखी दोघं घेऊन. हसले नाहीत. प्रयोगानंतर रंगमंचावर चढले, एकेक पोतं पायानं हलवून बघत फिरले. दोन्ही पोरं तिथंच घाम पुसत उभी होती. मी विचारलं, काका, तुम्हीच सांगा, बारा गेली का अकरा?

‘अकरा,’ काका म्हणाले. मामा करणारा पोरगा तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी त्याच्याकडं बोट केलं. ‘अन् दुसऱ्या पोत्यात वाळू कमी भरलाव तुमी. उचलताना याची मान वाकली न्हाई.’